वन खात्यात नोकरी किंवा स्वयंसेवक म्हणून काम : तुमचे अनुभव लिहा

माझी भाची यंदा बारावी सायन्स झाली. तिला वनरक्षक व्हायचंय आणि आमच्या घरात कुणाला यातलं काही ठाऊक नाही. नोकरी असो वा आठवडाभराचं काम, तुम्ही आत कसे गेलात ते सांगा.

वनरक्षक, मेळघाट
ताई, आधी तिला पळायला लावा. मी 2023च्या भरतीतली. लेखी 120 गुणांची, धावणं 80 गुणांचं. मुलींना 3 किलोमीटर, मुलांना 5. क्लासवाले लेखीचं करून घेतात, पण पळायला आपल्यालाच उठावं लागतं. पुढे चालण्याची चाचणी असते, मुलींना 4 तासांत 16 किलोमीटर. मी नवे बूट घालून गेले, ही मोठी चूक. शेवटी मोजा टाचेला रक्तानं चिकटला होता, तो पाणी ओतून सोडवला. जुनेच बूट घालू द्या.
आणि नोकरी म्हणजे रोज वाघ दिसणं नव्हे, हे आत्ताच सांगून ठेवा. उन्हाळा सगळा वणव्यामागे जातो. आधी जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळे पट्टे, काढायच्या, मग रात्री-अपरात्री धूर दिसला की निघायचं. तरी माझं बीट, म्हणजे माझ्याकडे सोपवलेला जंगलाचा तुकडा, मला माझं वाटतं. कुठल्या नाल्याला मे महिन्यातही पाणी असतं, ते मला न बघता सांगता येतं.

पुण्याहून, व्याघ्रगणनेचा स्वयंसेवक
देशभरची गणना दर 4 वर्षांनी होते. खातं अर्ज मागवतं तेव्हा लगेच भरा. आधी 3 दिवस 5-5 किलोमीटरच्या वाटांवर मांसभक्षींच्या खुणा शोधायच्या, नंतर 2 किलोमीटरच्या सरळ रेषेवर चालत चितळ-सांबर मोजायचे. मला वाघ दिसला नाही. पण सोबतचे वनमजूर काका एका विष्ठेपाशी उकिडवे बसले आणि काडीनं तिच्यातले केस वेगळे करून म्हणाले, "चितळ खाल्लंय." त्या सकाळी मी जे शिकलो ते कुठल्या सफारीत मिळालं नसतं.

कंत्राटी संशोधन सहायक
एमएस्सीनंतर प्रकल्पांवरच्या जागा निघतात, डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतही. मुदत किती, प्रवासभत्ता कोण देणार, हे लेखी घ्या. एका प्रकल्पात माझं मानधन चार महिने अडकलं होतं, खोलीभाडं वडिलांनी भरलं.

चंद्रपूर, बफरमधलं (व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातलं) गाव
आमच्याकडे प्राथमिक प्रतिसाद दल आहे, गावातलीच पोरं. वाघ गावाजवळ आला की खात्याची गाडी पोचेपर्यंत गर्दी आम्हीच आवरतो. काठीपेक्षा ओळख कामी येते. "काका, मागं व्हा" हे गावच्या पोरानं म्हटलं तरच काका मागं होतात. आमच्यातले काही आता वनरक्षक भरतीची तयारी करताहेत.

धागाकर्ती
मेळघाटच्या ताई, भाचीनं हे दोनदा वाचलं आणि जुने बूट शिवायला टाकलेत. उंची 152 सेंटिमीटर आहे, मुलींना 150 लागते ना?

वनरक्षक, मेळघाट
हो, 150. उद्या पहाटेपासूनच सुरू करू दे.