गावातील मुलांसाठी मल्लखांब सुरू करायचा आहे – मार्गदर्शन हवे

नमस्कार. आमच्या गावच्या तालमीत सागवानी मल्लखांब अनेक वर्षे नुसता उभा आहे. त्यावर एरंडेलाऐवजी धुळीचाच थर आहे. गेल्या महिन्यात तो पुसून घेतला, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी नऊ मुले जमली आणि पाचवीतल्या एका मुलीने कोणी न शिकवता खांबाला पायांची घट्ट अढी घातली. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे व्यायामगुरू बाळंभटदादा देवधर यांच्या नावाशी जोडलेल्या, 2019 साली मुंबईत जागतिक स्पर्धा झालेल्या या खेळासाठी गावात शिकवणारा मात्र कोणीच नाही.

मुलींसाठी दोरीचा मल्लखांब टांगायचा आहे. परंतु तालमीची तुळई जुनी असल्याने तिला भार पेलवेल का, हे कोणाला दाखवावे? आठवड्यातून दोन दिवस येऊ शकेल असा प्रशिक्षक कसा शोधावा, त्याला मानधन किती द्यावे आणि गाद्यांसाठी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे अर्ज करताना मंडळाची नोंदणी लागते का? पालकांची भीती पडण्याची कमी आणि शिकवणी बुडण्याची जास्त आहे (ती मला अधिक अवघड वाटते). ज्यांनी लहान गावात असा वर्ग चालवला आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावेत.