मदत हवी आहे: आधुनिक ग्रीसवरचे रेडिओ कार्यक्रम

१९६७ ते ७४ ची लष्करी राजवट आणि त्यानंतरचा ग्रीक समाज यावर इंग्रजी रेडिओ कार्यक्रम किंवा पॉडकास्ट शोधतेय. बीबीसीच्या संकेतस्थळावरचा ऑडिओ विभाग धुंडाळला, पण 'ग्रीस' टाकलं की सॉक्रेटिस आणि स्पार्टाच पुढ्यात! कर्जसंकटावरचं नकोय, ते पुष्कळ ऐकून झालं. नोव्हेंबर १९७३ मध्ये अथेन्स पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांनी आतूनच रेडिओ केंद्र चालवलं होतं, रणगाडा फाटक तोडून आत शिरला त्या रात्रीपर्यंत. त्या प्रक्षेपणाचे तुकडे यूट्यूबवर सापडले, पण मला ग्रीक येत नाही. पुस्तकं कृपया सुचवू नका. लोकलमध्ये ऐकणार आहे, त्यामुळे डाउनलोड होणारं हवं. फुकट असेल तर उत्तमच. त्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती असलेली एखादी मालिका भारतातून ऐकता येते का, आणि कुठे?