मार न लागता हातावर काळे-निळे डाग, प्लेटलेट 62 हजार

प्रश्न: आईचं वय 68. तीन आठवडे मनगट ते कोपर जांभळे डाग उठतायत. मार नाही, दुखत नाही, ताप नाही. रोज ॲस्पिरिन 75 मिलिग्रॅम चालू. रिपोर्टात प्लेटलेट 62 हजार. पावसाळा आहे म्हणून सगळे डेंग्यू म्हणतात. आधी काय बघू?

उत्तर 1: तापच नाही तर डेंग्यू कसला? आधी आकडा खरा आहे का ते बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला ती गुठळी प्लेटलेट म्हणून मोजताच येत नाही. रिपोर्टात स्मिअरखाली (काचेवर रक्त पसरून केलेली तपासणी) ‘प्लेटलेट क्लम्प्स’, म्हणजे प्लेटलेटच्या गुठळ्या, असा शेरा आहे का? असला तर निळ्या झाकणाच्या सायट्रेट नळीत पुन्हा मोजून घ्या. त्या नळीत 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेटचं द्रावण असतं, म्हणून आलेल्या आकड्याला 1.1 ने गुणायचं. हे लॅबला आठवणीने विचारा, बरेचदा राहून जातं.

उत्तर 2: आकडा चुकीचा निघाला तरी डाग खरेच आहेत. या वयात हाताची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी होते, भाजीच्या पिशवीचा बंद घासला तरी आत रक्त पाझरतं. असे डाग सपाट असतात, एक ते तीन आठवड्यांत जातात, मागे तपकिरी छटा ठेवून. त्यात ॲस्पिरिन: प्लेटलेट जगते 7 ते 10 दिवस, ॲस्पिरिन लागलं की तेवढे दिवस ती निकामीच. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही दुखण्यावरची गोळी चालू आहे का? खाजेवर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम? त्यानेही कातडी पातळ होते. स्टेंट असेल तर ॲस्पिरिन मनाने बंद करू नका.

उत्तर 3: 62 हजार खरे निघाले तर मात्र लिव्हरच्या चाचण्या, पोटाची सोनोग्राफी (प्लीहा वाढली आहे का), बी-12. हिमोग्लोबिन किंवा पांढऱ्या पेशीही बिघडलेल्या असतील तर थेट हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ). प्लेटलेट नॉर्मल आणि डाग पाठ-पोटावरही येत असतील तर पीटी, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याच्या चाचण्या) करा. त्यातूनही वॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा आजार निसटतो. त्याच्या चाचण्या परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होतात. हिरड्यांतून रक्त, काळी शी, पडल्यावर डोकेदुखी, यातलं काहीही दिसलं तर रिपोर्टची वाट न बघता कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्नकर्ता: शेरा आहे, अगदी तळाला! आणि मलम बेटामेथासोन निघालं. उद्या निळी नळी. उपाशीपोटी जायचं का?

उत्तर 1: गरज नाही. फक्त कलेक्शन सेंटरऐवजी जिथे मशीन आहे तिथेच रक्त द्या, नळी तासन्‌तास पडून राहायला नको.