सोसायटी ग्रुप: चंद्राचा खर्च आणि रावेरची केळी

सेक्रेटरी: टँकर उद्या सकाळी 7 ला येईल. खालच्या टाकीचा फोटो टाकलाय, बघून घ्या. आज गाड्या धुऊ नका, ही विनंती.

नाना (ए विंग): आठे टाकीमा पानी नही अन् तिकडे रॉकेटवर रॉकेट. चंद्रयान उतरलं तेव्हा मीही टीव्हीसमोर उभा राहून टाळ्या वाजवल्या. पण त्या 600 कोटींत आपल्या तालुक्यात किती बंधारे झाले असते? आपले त्या चांदशी काय लेनंदेनं?

दादा (बी विंग): नाना, असं कसं? हे वाचा. टेफ्लॉनचा तवा, वेलक्रो, सगळं नासाने दिलंय. *फॉरवर्डेड*

मॅडम (सी विंग): दादा, हा फॉरवर्ड पुढे पाठवू नका. टेफ्लॉन 1938 साली ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत रॉय प्लंकेट यांना सापडलं. नासा स्थापन झाली 1958 ला. वेलक्रो स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांचं. अशी खोटी उदाहरणं पकडली गेली की लोक खऱ्यांवरही विश्वास ठेवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. कारण खरी उदाहरणं भरपूर आहेत. सेक्रेटरींनी टाकीचा फोटो ज्या फोनने काढला, त्याच्या कॅमेऱ्यातला सीमॉस सेन्सर, म्हणजे प्रकाशाचं चित्र बनवणारी चिप, घ्या. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत एरिक फॉसम यांच्या चमूला यानावर बसेल असा लहान, कमी वीज लागणारा कॅमेरा हवा होता. त्यांनी जे तंत्र बसवलं, तेच आज प्रत्येकाच्या खिशात आहे.

नाना, पैशाचं सांगते. केंद्राच्या 2025-26 च्या अर्थसंकल्पात अवकाश विभागाला 13 हजार कोटींच्या आसपास होते आणि एकूण खर्च 50 लाख कोटींच्या वर. म्हणजे 100 रुपयांतले 26-27 पैसे. हवामानाचे, टीव्हीचे, नकाशांचे उपग्रह सगळे त्यातच आले. आपले बंधारे त्या 27 पैशांमुळे अडलेले नाहीत.

डॉक्टर वहिनी: माझ्याकडून दोन. कानात धरून ताप बघायचा इन्फ्रारेड थर्मामीटर 1991 च्या सुमारास आला, त्यात ताऱ्यांची उष्णता मोजायच्या तंत्राचा उपयोग झाला. आणि जयपूर फूटसाठी वजनाला हलकं पॉलियुरेथेन इस्रोच्या रॉकेटच्या कामातून आलं. ओपीडी सुरू झाली, निघते.

आप्पा: मॅडम, थर्मामीटर अन् फोन ठीक आहे. माझं केळीचं सांगा. रावेरकडची माझी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली बाग मे महिन्यात वादळानं एका रात्रीत आडवी झाली. पंचनाम्याला माणूस येईस्तोवर घड काळे पडले, खोडं सडायला लागली. शेवटी अर्धंच क्षेत्र लिहिलं. वरून सगळं दिसतं म्हणतात, मग माझी बाग कोणाला कशी नाही दिसली?

मॅडम: आप्पा, हा प्रश्न अगदी रास्त आहे. जरा लांब लिहिते.

हवामानाचे उपग्रह, इन्सॅट-3डी (2013) आणि 3डीआर (2016), 36 हजार किलोमीटरवरून ढग बघण्यासाठी सोडलेले. समुद्रातलं वादळ दिवस-दिवस आधी दिसतं ते यांच्यामुळे. ओडिशात 1999 च्या चक्रीवादळात सुमारे 10 हजार माणसं गेली. 2013 च्या फायलिनच्या वेळी 10 लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. त्यात निवारे बांधणाऱ्यांचा, घरोघर जाऊन लोकांना उठवणाऱ्यांचा वाटा मोठा. पण सांगावा वरून आला म्हणूनच ते उठवू शकले. तुमच्या बांधावर वावधान (वादळी वारा) किती वाजता सुटेल, हे मात्र त्या उंचीवरून कळत नाही.

बाग बघायला कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह लागतात. त्यातले साध्या कॅमेऱ्याचे आपल्याकडच्या वादळाच्या दिवसांत अडतात, कारण मध्ये ढग असतात. रडारचा उपग्रह अडत नाही. तो स्वतः लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो, रात्र असो की ढग. इस्रोचा रिसॅट-1 2012 लाच गेला होता. नासा आणि इस्रोचा निसार 30 जुलै 2025 ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याच्यावर वेगवेगळ्या लांबीच्या लहरींची दोन रडारं आहेत, एल बँडचं नासाचं आणि एस बँडचं इस्रोचं. दर 12 दिवसांनी तो त्याच जागेवरून जातो आणि माहिती जगाला फुकट आहे. उभ्या केळीवरून येणारी लहर वेगळी, आडव्या केळीवरून येणारी वेगळी. वादळाआधीचं चित्र आणि नंतरचं चित्र शेजारी ठेवलं तर कुठला पट्टा झोपला याचा अंदाज बांधता येतो. केळी मोजण्याचं कामही नवं नाही. 2014 पासूनच्या केंद्राच्या चमन प्रकल्पात कांदा, आंब्याबरोबर केळीचं क्षेत्र उपग्रहावरून काढतात.

आप्पा: म्हणजे सोय आहे, पण माझ्या गटापर्यंत आलेली नाही.

मॅडम: होय. आणि हे मला सर्वात जास्त खुपतं. रॉकेटचं अवघड काम झालं, आता ते चित्र पंचनाम्याच्या कागदाला जोडायचं राहिलंय. त्यासाठी आपण मागणी केली पाहिजे. संशोधन थांबवा म्हटलं तर हेही हातचं जाईल.

आप्पांची सूनबाई: मॅडम, मी पॅकहाउसला असते. आखाताचा कंटेनर 13-14 अंशांवर जातो. तरी एखादी फणी आधी पिकली की शेजारचे बॉक्स पिवळे निघतात. यावर अवकाशवाल्यांनी काही केलंय का?

मॅडम: केलंय! हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं, आणि तोच वायू शेजारच्या फळाला पिकवतो. तुमच्या रायपनिंग चेंबरला बाहेरून सोडतात तो हाच. आता यानात रोपं वाढवायची तर पेटी पूर्ण बंद. रोपांनी सोडलेलं इथिलीन आतच साठतं, पानं पिवळी पडतात, फुलं गळतात. घरात कोंदट झालं तर आपण खिडकी उघडतो, तिथे उघडायला खिडकीच नाही. म्हणून अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या लोकांनी नासाच्या पैशातून एक यंत्र केलं. टायटॅनियम डायऑक्साइडचा थर दिलेल्या नळ्या, त्यावर अतिनील प्रकाश. हवा त्यातून फिरली की इथिलीनचं कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. त्यांच्या पेटीत 1995 ला कोलंबिया शटलमध्ये बटाट्याच्या पानांच्या तुकड्यांना बारीक बटाटेही धरले. पुढे तेच तंत्र फळं-फुलं साठवायच्या खोल्यांत आलं आणि दवाखान्यांतल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्रांतही. आपल्याकडे कंटेनरमध्ये मुख्यतः थंडी आणि इथिलीन काढून टाकणाऱ्या पोटॅशियम परमँगनेटच्या पुड्यांवर भागवतात, ते स्वस्त पडतं. पण मोठ्या शीतगृहाने याचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

सूनबाई: पुड्या तर आम्हीच टाकतो 😊 आतलं कारण आज समजलं.

नाना: मॅडम, हाई पटनं. पण मग नुसते उपग्रह सोडा, पेट्या करा. चंद्रावर, मंगळावर कशाला जायचं?

मॅडम: नाना, विस्कॉन्सिनमध्ये कोणी केळीवाल्याला डोळ्यासमोर ठेवून बसलं नव्हतं. माणूस लांब पाठवायचा, तर अन्न तिथेच पिकवावं लागेल, इथून सुरुवात झाली. पृथ्वीवर आपल्याला पळवाट असते. तिथे नसते. अंतराळ स्थानकावर पाणी वरून न्यायचं म्हणजे अफाट खर्च. म्हणून तिथे घाम, श्वासातली वाफ, लघवी सगळं शुद्ध करून परत वापरतात. 2023 ला त्यांनी 98 टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. जमिनीवर कोणी एवढ्या नेटाने त्याच्या मागे लागलं नसतं, कारण इथे टँकर मागवता येतो. चंद्रयानात उतरताना स्वतः जागा निवडणारे कॅमेरे, इंजिनचा जोर कमी-जास्त करणं, हे जमलेली पोरं आपल्या देशात तयार झाली. ती उद्या काय काय करतील याची यादी आज देता येणार नाही, पण त्यांच्यावर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे.

नाना: पोरांचं खरं शे. माझा नातू दहावीला आहे, त्याला तुमच्याकडे पाठवतो.

मॅडम: जरूर पाठवा, रविवारी सकाळी घरीच असते.

दादा: फॉरवर्ड डिलीट केला. बाकी ग्रुपवरही सांगितलं.

आप्पा: मॅडम, ते मागणीचं काय म्हणालात? कृषी कार्यालयाला अर्ज द्यायचा तर काय लिहू?

मॅडम: मी मसुदा करून देते. वादळाची तारीख, गट नंबर, सातबारा, लागवड मृगबागेची (पावसाळ्याच्या सुरुवातीची) की कांदेबागेची (पावसाळ्यानंतरची), आणि बागेच्या चार कोपऱ्यांचं फोनवरचं लोकेशन एवढं पाठवा. पंचनाम्यासोबत वादळाआधीची आणि नंतरची रडार चित्रंही बघावीत, अशी स्पष्ट मागणी घालू. शेजारच्या शेतकऱ्यांच्या सह्या असतील तर जास्त चांगलं.

आप्पा: पाच-सहा जण तर आमच्या शिवारातलेच तयार होतील. लोकेशन पोराला घेऊन उद्या काढून आणतो.

सूनबाई: मी सातबारे स्कॅन करून ठेवते.