शाळेसाठी पोपटी करतोय, पण 'बोटी'ची थीम ठेवावी का? सल्ला हवा

नमस्कार मंडळी,

आम्ही अलिबाग तालुक्यात, मांडवा-रेवसच्या पट्ट्यात राहतो. पाड्यावरच्या शाळेला पैसे उभे करायला जानेवारीत तिकीट लावून पोपटी, म्हणजे शेतात मडक्यात भाजलेलं जेवण, करायचं ठरवलंय. निम्मी तयारी झालीय, आणि परवा शेजारच्या आजी जे बोलल्या त्याने मी अडले आहे. म्हणून हा धागा.

आधी शाळेबद्दल. आमची शाळा सेमी-इंग्रजी. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. पट घसरत होता, मुलं सकाळी सहाला उठून व्हॅनने लांबच्या शाळेत जायला लागली होती, तेव्हा पालकांनीच हे मागून घेतलं. इंग्रजीची बाजू सांभाळायला एक बाई मानधनावर आहेत, महिना 10,000 रुपये. वर्षाचे दहा महिने धरले तर एक लाख. आतापर्यंत एक गृहस्थ ही रक्कम देत होते, यंदा त्यांना जमणार नाही. बाई गेल्या तर पुन्हा व्हॅन सुरू होणार, हे आम्हाला स्पष्ट दिसतंय.

बाई काय करतात ते एकाच वहीवरून सांगते. त्यांनी मुलांना पान दुमडून दोन रकाने करायला लावलेत. डावीकडे भरती, ओहोटी, उधाण. उजवीकडे हाय टाइड, लो टाइड, स्प्रिंग टाइड. माझी चौथीतली मुलगी तिसऱ्या शब्दावर अडली. "स्प्रिंग म्हणजे वसंत ना? मग उधाण दर अमावास्येला कसं येतं?" बाईंनी तिला सांगितलं की इथे स्प्रिंग म्हणजे उसळणं. घरी आल्यावर तिने आजोबांना ते समजावलं आणि आजोबांनी तिला तिथी मोजून भरतीची वेळ कशी काढायची ते शिकवलं. दोन्ही भाषा एका घरात अशा बोलायला लागल्या की काय होतं, ते त्या दिवशी मी ओट्यावर बसून पाहिलं. त्यासाठी मी वाटेल तेवढी दारं ठोठवीन.

आता पोपटी. रायगडबाहेरच्यांसाठी थोडक्यात: भातकापणीनंतर शेतात वाल होतो, त्याच्या कोवळ्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, ओवा आणि जाडं मीठ, हे सगळं भांबुर्डा या वासाच्या रानझाडाच्या पाल्याचे थर देत मडक्यात भरायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. तोंड पाल्याने गच्च बंद करून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-गोवऱ्या पेटवायच्या. साधारण अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र झालं की झाली पोपटी. मडकं फोडल्यावर भांबुर्ड्याचा जो वास येतो त्याला दुसरी उपमा नाही.

थीम ठरली होती 'बोटीने कोकणात'. शाळेच्या फाटकावर भाऊचा धक्का उभारायचा. मुलं दोन्ही भाषांत छापलेलं बोटीचं तिकीट हातात देणार. प्रत्येक पंगत म्हणजे एक बंदर: हर्णै, दाभोळ, जयगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. चौथीची मुलं आधी मराठीत, मग इंग्रजीत घोषणा करणार. मुंबईहून रो-रोने, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीने, येणाऱ्या बंगलेवाल्यांना गंमत वाटेल आणि आमच्या मुलांना कळेल की एके काळी अख्खं कोकण बोटीने मुंबईला जात होतं, धक्का नसलेल्या बंदरात पडावातून, म्हणजे लहान होडीतून, उतरत होतं.

परवा हे सगळं मी आजींना उत्साहाने सांगत होते. त्या ऐकत होत्या. मध्येच मी म्हटलं, "आणि सुरुवातीला बोटीचा भोंगा वाजवणार." त्यांचे शेंगा सोलणारे हात थांबले. एवढंच म्हणाल्या, "भोंगा नको वाजवू गो बाय."

त्यांचे वडील 'रामदास' बोटीत होते. 17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, गटारीला घरी परतणारी माणसं, सहाशेहून जास्त बुडाली. आमच्या पट्ट्यात कितीतरी घरांत त्या बोटीत गेलेलं कोणीतरी आहे. मी लग्न होऊन इथे आले, मला नाव माहीत होतं, पण आमच्याच पाड्यात कोणाच्या घरात ते बसलंय हे माहीत नव्हतं. याची मला फार बोच लागलीय.

पालकांत दोन मतं आहेत. काही म्हणतात थीमच बदला, नुसती 'शेतावरची पोपटी' ठेवा. काही म्हणतात भोंगा काढा, आणि सुरुवातीला 'रामदास'मध्ये गेलेल्यांसाठी दोन मिनिटं उभं राहा, मुलांना ती हकिगत दोन्ही भाषांत वाचू द्या. मला मनातून दुसरं पटतं, पण जेवायला बोलावलेल्या माणसांसमोर आजींचं दुःख मांडणं बरं की वाईट, हे ठरवता येत नाही. आजींना थेट विचारू का? विचारलं तर त्या माझ्यासाठी "कर गो" म्हणतील, ही भीती आहे. रेवस, मांडवा, उरणकडच्या लोकांनी जरूर लिहा.

पैशाचं गणितही बघा. 120 माणसं, तिकीट 600, म्हणजे 72,000. जेवण, मडकी, मांडव, छपाई मिळून खर्च 30,000 च्या आसपास. उरले 42,000, कमी पडतात 58,000. म्हणून बारा मडकी, प्रत्येकाला एक यजमान, मडक्यामागे 5,000 अशी कल्पना आहे. कोणी असं केलंय का? लोक देतात का, की तिकीट काढल्यावर पुन्हा मागितलेलं खटकतं?

आमचा पालकांचा गट नोंदलेला नाही, म्हणून सगळे पैसे शाळेच्या ट्रस्टच्या खात्यावरच घ्यायचे आणि ट्रस्टचीच पावती द्यायची असं ठरवलंय. ट्रस्टकडे 80 जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारी नोंदणी, आहे, रोख 2,000 च्या वर दिल्यास त्यावर सूट मिळत नाही हेही ठाऊक आहे. पण तिकिटाचे 600 आणि मडक्याचे 5,000 यांच्या पावत्या वेगळ्या कराव्यात ना? हिशेबातल्या कोणी नीट सांगितलं तर बरं होईल. ध्वनिक्षेपकाचा अर्ज पोलीस ठाण्यात देतोय, रात्री दहाला आवाज बंद.

एक छोटा प्रश्न राहिला. बारांपैकी तीन मडकी शाकाहारी ठेवतोय. शेंगा-बटाट्यासोबत रताळी, कणसं, पांढरा कांदा घालणार. आणखी काय चांगलं लागतं?

कुंभारदादांना मडक्यांचा आकडा येत्या रविवारी सांगायचाय आणि तिकिटं त्यानंतर लगेच छापायला जातील. थीमबद्दलचं उत्तर तरी त्याआधी द्या.

ता. क. दुपारी आजी आपणहून आल्या होत्या. भांबुर्डा कुठल्या बांधावर चांगला मिळतो ते सांगून गेल्या. बोटीबद्दल त्याही काही बोलल्या नाहीत, मीही नाही.