मदत हवी आहे: उजनीच्या काठावर दोन दिवस मासे धरायला जायचंय

नमस्कार मंडळी, आम्ही सोलापूरचे, वडिलांची सगळी हयात यंत्रमागावर गेली आता रिटायर झालेत आणि त्यांची एकच इच्छा आहे की नातवंडांना घेऊन गळ टाकून बसायचं. करमाळा तालुक्यात बॅकवॉटरला लागून ओळखीच्यांच्या शेतात पत्र्याची खोली आहे, लाईट नाही, गाव लांब, तिथंच मुक्काम करणार. वडिलांनी जुना बांबूचा गळ काढून त्याला तेल पण लावून ठेवलंय.

आता विचारायचंय ते असं, काठावरून गळाला चिलापी लागते म्हणतात पण रोहू कटला पण येतात का, आणि आमिषाला गांडूळ बरं का कणकेचा गोळा? घरगुती गळाला पण परवाना लागतो का?

बोटीत बसायचं नाही हे आईनं बजावलंय, मे 2024 ला कुगाव कळाशीच्या मधी वाऱ्यानं बोट उलटून सहा जण गेले ते ती विसरलेली नाही, मलापण तिचं पटतं. पण काठावर गाळ किती असतो, पोरं 6 आणि 9 वर्षांची आहेत, त्यांना लाईफ जॅकेट सोलापुरात कुठं मिळेल? कुणी राहून आलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या शनिवारी निघायचंय.