फ्रान्सच्या खेड्यातल्या जुन्या दगडी घरात आठवडाभर: आईबाबांना घेऊन जमेल का?

मीरा_कोथरूड
नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं, मुलगी (वय ९) आणि माझे आईबाबा असे पाच जण फ्रान्सला जातोय. पॅरिसचे चार दिवस ठरलेत, पुढचा आठवडा दॉर्दोन्य भागात, सार्लाजवळच्या एका खेड्यात जुनं दुरुस्त केलेलं घर भाड्याने घ्यावं असं फार मनात आहे. फोटोत जाडजूड दगडी भिंती, वर लाकडी तुळया, मागे अक्रोडाची झाडं, बघून जीवच जडलाय. पण नवरा म्हणतो हॉटेल बरं, कारण आई शुद्ध शाकाहारी, बाबांचे गुडघे दुखतात आणि आम्ही परदेशात कधी गाडी चालवलेली नाही. कोणी राहिलंय का अशा घरात? निवडताना काय काय बघू?

तुलूजकर
मीराताई, घरच घ्या. मी अकरा वर्षं तुलूजला आहे आणि भारतातून कोणी आलं की त्यांना तिकडेच घेऊन जातो. अशा घराला इथे 'जीत' म्हणतात. ही पद्धत १९५१ पासूनची, गावं ओस पडायला लागली होती तेव्हा शेतकऱ्यांनी रिकामी घरं नीट करून शहरातल्या लोकांना सुट्टीत भाड्याने द्यायला सुरुवात केली. 'शांब्र-दोत' वेगळं हं, त्यात मालकाच्याच घरात खोली आणि सकाळचा नाश्ता मिळतो, स्वयंपाकघर बहुतेक वेळा नसतं, त्यामुळे आईंसाठी जीतच बघा.

आता बाबांच्या गुडघ्यांचं. या भागातल्या बऱ्याच जुन्या घरांत खाली जनावरं नि वाइनची पिंपं आणि माणसं वर राहायची, म्हणून बाहेरूनच दगडी पायऱ्या असतात, आणि माळ्यावर काढलेल्या खोल्यांना जिना कसला, शिडीच म्हणा. जाहिरातीत तीन बेडरूम दिसतात आणि बाथरूम एकच, ते पण खाली, मग रात्री उठायचं झालं की हाल. मालकाला सरळ विचारा, 'रे-द-शोसे'ला म्हणजे तळमजल्याला झोपायची खोली आणि टॉयलेट दोन्ही आहे का, आणि जिन्याचा फोटो मागवा. देत नसतील तर ते घर सोडून द्या.

गाडीशिवाय मात्र काहीच होणार नाही, खेड्यात बस जवळपास नसतेच. आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढा. पॅरिसहून बोर्दो शहरापर्यंत टीजीव्हीने, म्हणजे इथल्या वेगवान रेल्वेने, दोन तासांच्या थोडं वर लागतात, गाडी तिथून घ्या, पुढे सार्लापर्यंत अडीच तास धरा. ऑटोमॅटिक हवी असेल तर आत्ताच बुक करा, इथे गिअरच्या गाड्या जास्त. गावाच्या नावाची पाटी आली की ५० चा स्पीड, वेगळा बोर्ड नसला तरी. आणि छोट्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हे घरातल्या सगळ्यांनी पाठ करा.

वाडा_वाई
तुलूजकरांनी व्यवहाराचं सगळं सांगितलंय, मी घराबद्दल लिहितो. आमचा वाईला वाडा आहे, वीस वर्षांपूर्वी गवंड्याचं ऐकून दगडी भिंतीला सिमेंटचा गिलावा केला आणि तेव्हापासून ओल हटत नाही, पोपडे पडतात, आतलं लाकूड कुजलं. दोन वर्षांपूर्वी सार्लाजवळ अशाच घरात आठ दिवस राहिलो, पहिल्या दिवशी मी भिंतीपाशीच उभा. दगडांच्या दरजा चुन्याने भरलेल्या, पिवळट, थोड्या खरबरीत, नखाने घासलं की बारीक वाळू बोटाला लागायची. मालक म्हातारे होते, त्यांनी मोडक्या इंग्रजीत समजावलं की दगडाच्या भिंतीत ओल येणारच, चुना ती बाहेर जाऊ देतो, सिमेंट आत कोंडून ठेवतं. माझ्या आजोबांना हे माहीत होतं, आम्हीच विसरलो. डोळ्यात पाणी आलं खरंच.

राहताना एक करा, ऊन चढायच्या आत लाकडी झडपा नि खिडक्या बंद करायच्या आणि संध्याकाळी सगळं उघडायचं, भिंती दोन-दोन फुटी असल्यामुळे एसी नसूनही आत गार राहतं. बाबांना दाराच्या चौकटीखाली वाकायला सांगा. आणि खेड्यात बऱ्याचदा ड्रेनेज नसतं, सेप्टिक टँक असतो, तेव्हा टॉयलेटमध्ये कागदाशिवाय काही टाकू नका.

आणि सार्ला गाव पायी फिराच, जुन्या वस्त्या जपायच्या १९६२ च्या मालरो कायद्याखाली अख्खं जुनं गाव दुरुस्त केलंय, छपरांवर लोझ म्हणजे दगडाच्या चिपा एकावर एक रचलेल्या दिसतील.

रेवती_नाशिक
जेवणाचं मी सांगते, माझ्या सासूबाई बरोबर होत्या. आम्ही रविवारी संध्याकाळी पोचलो, दुकानं बंद, सोमवारीही बरीच बंद, भाजणी आणि मेतकूट होतं म्हणून निभावलं. शेगडी बऱ्याच ठिकाणी इंडक्शनची, ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर चालत नाही, छोटा स्टीलचा न्या. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी, टोमॅटो, चेरी, अक्रोडाचं तेल, बकरीचं चीज, मजा येते. प्युई या फ्रान्समधल्याच भागातली हिरवी मसूर सुपरमार्केटमध्ये मिळते, त्याची आमटी सासूबाईंना इतकी आवडली की दोन पाकिटं घरी आणली.

पण बाहेर खाताना आईंना एक नक्की सांगा, सार्लाचे परतलेले बटाटे दिसायला आपल्या काचऱ्यांसारखे, लसूण नि पार्स्ली घातलेले, पण ते बदकाच्या चरबीत करतात! आम्ही विचारलं म्हणून वाचलो. चादरी-टॉवेल आणि शेवटच्या दिवसाची साफसफाई भाड्यात आहे का तेही बघा, पुष्कळदा वेगळे पैसे पडतात.

मुलीला लास्को दाखवा, आदिमानवाने भिंतींवर प्राण्यांची चित्रं काढलेली गुहा. मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, लोकांच्या श्वासाने चित्रं खराब व्हायला लागली होती, पण २०१६ ला उघडलेली पूर्ण प्रतिकृती तिथेच मोंतिन्याक गावाला आहे. आमचा मुलगा चित्रातल्या बैलांपुढून हलेना.

मीरा_कोथरूड
किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! जे घर आवडलं होतं त्याच्या मालकीणबाईंना जिन्याचा फोटो मागितला, तो खरंच शिडीसारखा निघाला, ते रद्द. त्यांनीच शेजारच्या गावातलं दुसरं सुचवलंय, खाली एक खोली आणि बाथरूम आहे, तुळया थोड्या कमी पण अक्रोडाचं झाड दारातच. बाबांना वाडा_वाई यांचं वाचून दाखवलं, ते कपाटातून आमच्या सासवडच्या जुन्या घराचे फोटो काढून बसलेत. रेवतीताई, मसूर भिजवावी लागते का?

रेवती_नाशिक
नाही गं, तशीच टाक, वीस-पंचवीस मिनिटांत शिजते. गोडा मसाला मात्र घरून ने.